हाडांचं वय

माझ्या मुलाला मिशी फुटली तेव्हा तो सहावीत होता. दूध पिऊन त्याने मनगटाने तोंड पुसलं, तरी ओठावर काळसर काहीतरी राहिलं. मी ओढणीच्या टोकाने ते पुसायला गेले, तर तो मागे सरला. "आई, ते निघत नाही," म्हणाला. त्याला आधीच ठाऊक होतं. बाथरूममध्ये साबणाने घासून त्याने ते घालवायचा प्रयत्न केला होता, हे त्याने मला पुष्कळ नंतर सांगितलं.

त्या वर्षी जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट दिवाळीपर्यंतसुद्धा पुरले नाहीत. आवाज फुटला, खांदे रुंदावले, घामाला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागला. मी कोथरूडच्या एका शाळेत प्राथमिकला शिकवते, आणि तोही त्याच शाळेत होता. सकाळी धायरीहून आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर निघायचो. आदल्या वर्षीपर्यंत माझ्या पाठीला गाल टेकून अर्धवट झोपेत येणारं पोर आता माझ्या डोक्यावरून पुढचा रस्ता बघायला लागलं. पेट्रोल पंपावरचा माणूस त्याला "दादा, जरा उतरा" म्हणायचा. तो बारा वर्षांचा होता. शाळेत त्याच्या वर्गातली मुलं त्याच्या खांद्याला लागायची, आणि एकमताने त्याला 'काका' म्हणायची. काका, फळा पुसा. काका, पंखा लावा, तुमचा हात पोचतो. तो पंखा लावायचा आणि मान खाली घालून जागेवर जाऊन बसायचा. त्या वर्षात त्याला पोक काढून बसायची सवय लागली.

घरात एकच माणूस ह्या वाढीवर खूश होता, ते म्हणजे माझे सासरे. सगळी धायरी त्यांना आबा म्हणते. आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचं ज्वारीचं शेत होतं. आता ते तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालून जाणाऱ्या नातवाकडे बघून म्हणायचे, "आमच्यात पोरं लवकर अंगात भरत्यात." एकदा त्याच्यापुढे बोलून गेले, "ह्याचा थोरला चुलताबी असाच..." आणि तिथेच थांबून पाणी प्यायला आत निघून गेले.

हे थोरले दीर मी पाहिलेले नाहीत. माझा नवरा सातआठ वर्षांचा असताना ते गेले. त्यांचं वय तेव्हा सोळाच्या आतबाहेर असेल. कालव्यावर साप चावला, एवढंच मला लग्नानंतर सांगितलं होतं. फोटो नव्हता, आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नसे. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "मला आठवतच नाही फारसं. आबांना विचारू नकोस."

सातवीत शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी मुलाला पळायला लावलं. सर अबोल गृहस्थ. तरुणपणी स्वतः पळायचे, असं ऐकलं होतं. त्यांनी ह्याला सहाशे मीटरच्या शर्यतीत उभं केलं, आणि शेवटच्या वळणावर बाकीची पोरं मागे असताना हा पार पुढे एकटाच पळत होता. मी प्राथमिकच्या जिन्यातून ते बघितलं. संपल्यावर तो कमरेवर हात ठेवून सरळ उभा राहिला. पोक नव्हतं. त्या अवजड झालेल्या शरीराचा त्याला पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला होता. जी मुलं काका म्हणायची तीच त्याला उचलायला धावली. उचलता आलं नाही, म्हणून सगळी मिळून त्याला लोंबकळली.

पुढचं वर्ष-दीड वर्ष आमच्या घरात तेवढंच चाललं. सकाळी टेकडी, संध्याकाळी मैदान. भिजवलेले हरभरे, अंडी, केळी. आबा गॅलरीतून हाक मारून विचारायचे, "आज कितवा?" आणि हा खालून एक बोट वर करायचा.

आठवीत असताना शाळाशाळांमधल्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत तो प्राथमिक फेरीत पहिला आला आणि गडबड सुरू झाली. मी मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन उभी होते. एका मुलाचे वडील माझ्याकडे आले. अतिशय नम्रपणे म्हणाले, "आपण ह्या मुलाच्या आई का? वाटत नाही. बहीण वाटता. कदाचित धाकटी." मला आधी ती स्तुती वाटली. मग त्यांच्या मागे उभे असलेले आणखी चारपाच पालक हसले, तेव्हा अर्थ कळला.

तक्रार झाली. मी जन्माचा दाखला नेऊन दाखवला. तिथल्या अधिकाऱ्याने तो वाचला, परत दिला आणि म्हणाला, "बाई, दाखले काय हो, सगळ्यांकडेच असतात. मनगटाचा एक्स-रे काढून घेऊ. हाडांवरून वय कळतं."

आम्ही दोघं मायलेक एक्स-रे काढायला गेलो. तो बाकावर बसून आपलंच मनगट उलटसुलट करून बघत होता. त्यावरही केस आले होते. मला हळूच म्हणाला, "आई, मी खरंच तेराचा आहे ना?"

"मी होते रे तिथे," मी म्हणाले.

तो हसला. त्याचं तेवढं हसू मी तेव्हा मोठ्या मुश्किलीने मिळवलं होतं.

एक्स-रेमध्ये हाडांचं वय सोळाच्या आसपास आलं. मी त्या अधिकाऱ्याशी भांडले. शाळेत कधी चढत नाही इतका माझा आवाज चढला. तो शांतपणे म्हणाला, "तुमचा दाखला खोटा आहे, असं मी म्हणतच नाही. काही मुलं लवकर मोठी होतात, हे आम्हालाही कळतं. पण समोरच्या पोरांची हाडं बघा. त्यांनी ह्याच्याशी पळायचं म्हणजे त्यांच्यावर अन्याय नाही का?" ती पोरं खरंच चिमणीएवढी होती. पण माझं पोर तेरा वर्षांचं होतं, अजून झोपताना पायाशी दिवा लावून ठेवायचं, आणि त्याला लबाड ठरवून मैदानाबाहेर काढलं होतं.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "हाडाला काय कळतंय?" नवऱ्याने दुकानातून फोनवर फोन केले. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि अर्ध्या सिंहगड रस्त्यावर त्याची ओळख आहे. पण ह्या बाबतीत कोणाची ओळख चालली नाही.

मुलगा एवढंच म्हणाला, "मग मी मोठ्यांच्यात पळतो."

तो सतरा वर्षांखालच्या मुलांत पळू लागला. ती मुलं कित्येक वर्षं सराव करत आलेली, त्यांचं अंतरही मोठं. पहिल्याच शर्यतीत हा शेवटून दुसरा आला. सर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पाय मोठे झालेत बेटा, दम अजून लहान आहे. दमाला वेळ लागतो. घाई करायची नाही." सर जे सांगत होते ते चुकीचं नव्हतं. पण बाकी कोणालाच ते पटत नव्हतं, कारण मिशा, दंड आणि पोटऱ्या सगळ्यांना दिसत होत्या. एवढा दांडगा पोरगा मागे पडतो म्हणजे आळशी असणार, मन लावत नसणार. पालक असं म्हणायचे, मोठी मुलं म्हणायची. मला वाटतं, तो स्वतःही स्वतःला तेच म्हणायचा.

टेकडीवर तो एका फेरीच्या दोन करू लागला. घरी आल्यावर जिन्यात थांबायचा. एकदा मी त्याला छातीवर हात दाबून उभा असलेला बघितलं.

"काय होतंय?"

"काही नाही गं. धाप लागते. सगळ्यांनाच लागते."

धाप सगळ्यांनाच लागते, हे मलाही पटलं.

जानेवारीतल्या एका सकाळी मी तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते. शाळेतल्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, "बाई, तुमचा मुलगा मैदानात पडलाय." मी पोचले तोवर तो उठून बसला होता. गुडघे खरचटलेले, हनुवटीला माती. भोवती घोळका होता आणि जो तो सल्ला देत होता. सकाळी काय खाल्लं होतंस? पोटात काही नसणार. ऊन लागलं असेल. जानेवारीतल्या सकाळी ऊन! कोणीतरी लिंबू सरबत आणलं. मुलगा शरमून म्हणत होता, "ठीक आहे मी, ठीक आहे."

सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, हा अडखळून पडला नाही. मी बघत होतो. पळता पळता एकदम विझल्यासारखा पडला. पडताना हातसुद्धा पुढे केले नाहीत त्याने. डॉक्टरांना दाखवा. आजच्या आज."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग त्याला उठाबशा काढायला लावून पुन्हा लावली. बराच वेळ ऐकत राहिले. ठोक्यांच्या मध्ये एक जादा आवाज येतोय, म्हणाले, आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. अंधाऱ्या खोलीत मुलगा डाव्या कुशीवर पडला होता आणि समोरच्या पडद्यावर त्याचं हृदय करड्या रंगात उघडझाप करत होतं. मी ते पहिल्यांदाच बघत होते. मला त्यात काही कळत नव्हतं. फक्त डॉक्टरांचा हात एकाच जागी परत परत जात होता, तेवढं कळत होतं.

नंतर त्यांनी आम्हा नवराबायकोला समोर बसवलं. मुलालाही बसू दिलं. "त्याचंच हृदय आहे, त्याला कळू दे," म्हणाल्या. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली स्नायूची भिंत जाड झाली होती, असायला हवी त्यापेक्षा पुष्कळच जास्त. हे जन्मजात असतं. लहानपणी दिसत नाही. मुलगा वयात येताना, शरीर झपाट्याने वाढतं तेव्हा ही भिंतही भराभर जाड होऊ लागते. ह्याचं शरीर लवकर वाढलं, म्हणून हेही लवकर दिसलं.

मी मुलाकडे बघितलं. दोन वर्षं आम्ही त्याच्या वाढीकडे बघत होतो, कोणी कौतुकाने, कोणी संशयाने. ती आतही चालली होती.

"घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. "खेळताना, पळताना, पोहताना?"

"नाही," नवरा म्हणाला. मग थांबून म्हणाला, "माझा मोठा भाऊ गेला, पण त्याला साप चावला होता."

"किती वर्षांचा होता?"

"सोळा असेल."

"साप बघितला होता कोणी?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, जसं काही मला माहीत असणार. "मी लहान होतो," तो म्हणाला.

मुलाने एकच प्रश्न विचारला. "म्हणजे पळायचंच नाही?"

"शर्यत नाही. जोर लावून काहीच नाही. चालायला हरकत नाही."

"बरा झाल्यावर?"

त्यावर डॉक्टरांनी टेबलावरचा हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला. तेवढ्यावरून त्याला कळलं.

घरी गेलो तेव्हा आबा गॅलरीत बसले होते. नवरा त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. लहानपणी बसत असेल तसा. मी दारात उभी राहिले. मुलगा आपल्या खोलीत गेला होता, पण दार त्याने लावलं नव्हतं.

"आबा, दादाला साप चावला होता ना?"

आबांनी मान रस्त्याकडे वळवली.

"आबा, डॉक्टर विचारतायत. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

"न्हाय चावला," आबा म्हणाले.

मग ते बोलले. इतकी वर्षं न बोललेलं सगळं एका दमात बोलले, गॅलरीच्या गजाकडे बघत. पेरणीचे दिवस होते. सकाळीच एक बैल दावं तोडून कालव्याच्या बाजूला पळाला. थोरला शेणाची पाटी खाली ठेवून उभा होता. आबांनी त्याला बैलामागे जायला सांगितलं. तो म्हणाला, आबा, छातीत धडधडतंय. "आन् मी म्हनलो, कामाच्या टायमालाच धडधडतं व्हय तुला? एवढा रेडा झालायस, पळ की." तो पळाला. कालव्याच्या भरावावरून पळताना आबांना तो दिसत होता. बैलाच्या जवळ पोचला, दाव्याला हात घातला असेल नसेल, आणि तोंडावर पडला. आबा पोचले तेव्हा संपलं होतं. अंगावर एक खूण नव्हती. लोक जमले. कोणीतरी म्हणालं, गवतात जनावर असेल. मग सगळेच म्हणाले.

"मी कायच बोललो न्हाय," आबा म्हणाले. "सापाचं नाव झालं ते बरं झालं वाटलं. न्हायतर मीच पळवला की त्याला. तुझी आई मरेपातूर सापाला शिव्या देत व्हती. मी ऐकत व्हतो."

नवरा उठला आणि खाली दुकानात निघून गेला. त्याला राग आला होता की रडू, मला कळलं नाही. तो उशिरा परत आला आणि आबांच्या शेजारी जेवायला बसला.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. नवऱ्याची भिंत थोडी जाड निघाली. त्रास काही नाही, पण लक्ष ठेवायला हवं. आबांची बऱ्यापैकी जाड निघाली. आबांनी डॉक्टरांना बैलाची सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, "मंजी माझ्या थोरल्याला हेच झालं व्हतं?"

"आता खात्रीने कोण सांगणार, आजोबा? पण तसंच वाटतंय. त्या दिवशी बैल सुटला नसता, तरी आणखी कधीतरी झालं असतं कदाचित. तुमच्या बोलण्याने तो गेला नाही."

आबांना हायसं वाटेल, असं मला वाटलं होतं. परतताना रिक्षात ते बाहेर बघत बसले होते. धायरी फाट्याच्या आसपास म्हणाले, "पोरी, तवा मी पळवला म्हनून गेला असं वाटायचं. आता कळलं, दुखनंच माझं व्हतं. मला कायबी झालं न्हाय. पंच्याहत्तर वर्सं ढोरासारखा राबलो, पोती उचलली. आन् ते सगळं पोरांच्या अंगात गेलं."

"आबा, डॉक्टर म्हणाल्या ना, हे कोणी कोणाला देत नसतं."

"व्हय," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे उघड होतं.

मुलगा शाळेत जाऊ लागला. गोळ्या वेळेवर घेई. खेळाच्या तासाला वाचनालयात बसे. सर एकदा मुद्दाम तिथे जाऊन त्याच्याशेजारी बसले, पण दोघांनाही बोलायला काही सुचलं नाही, असं सरांनीच मला सांगितलं. एके रात्री जेवताना तो म्हणाला, "बाहेरून काका आणि आतून आजोबा. मधलं काही मला मिळालंच नाही." त्याने ते विनोदासारखं म्हटलं.

चालायला हरकत नाही, म्हणून आबांनी त्याला रोज सकाळी बरोबर न्यायला सुरुवात केली. खडकवासल्याहून येणारा कालवा आमच्या भागातून शहराकडे जातो. थोरला गेल्यापासून आबांनी त्या भरावावर पाय ठेवला नव्हता. पण मुलाला रस्त्यावरचं ट्रॅफिक आणि लोकांच्या नजरा नको होत्या, म्हणून त्याच्यासाठी ते गेले. रविवारी मीही मागून जायची.

अशाच एका रविवारी पलीकडून पळणाऱ्या मुलांचा एक घोळका आला. भरतीची तयारी करणारी असावीत. आम्ही बाजूला झालो. ती पुढे गेली. मुलगा त्यांच्याकडे बघत उभा राहिला, आणि एकदम त्यांच्यामागे पळत सुटला.

आबा ओरडले. "थांब! ए पोरा, थांब!" ते त्याच्यामागे चारदोन पावलं धावले आणि थांबले. मुलगा फार छान पळत होता. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा मनात हेही आलंच. पाय लांब पडत होते, खांदे सैल होते, तो त्या पोरांना गाठत होता. आणि प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, आता पडेल.

आबा मातीत बसले. त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

मुलाने वळून बघितलं. कशामुळे बघितलं, कोण जाणे. आबा खाली बसलेले दिसले तसा तो थांबला, आणि परत येऊ लागला. आधी पळत, मग माझा वर केलेला हात बघून चालत. आला तेव्हा जोरात धापा टाकत होता. ओठ निळसर झाले होते. आबांपुढे उकिडवा बसला.

"आबा, उठा. आबा, मला काही झालं नाही."

आबांनी डोळ्यांवरचे हात काढले नाहीत. "मला दुसऱ्यांदा बघाय लावू नगंस," ते म्हणाले. "बाकी कायबी कर. मला शिव्या दे. पर हितं नगं."

मुलगा रडायला लागला. डॉक्टरांनी सांगितल्यापासून तो रडला नव्हता. त्याने आजोबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि त्या जाड, फुटलेल्या आवाजात लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. घोळका तोवर लांब गेला होता. आम्ही तिघं तिथे किती वेळ बसलो, ते आठवत नाही. येणारे-जाणारे आमच्याकडे बघून बाजूने जात होते.

त्यानंतर तो पळाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत, खांद्याच्या जरा खाली एक छोटं यंत्र बसवलं. ठोके भलतेच चुकले तर ते आतून झटका देतं. अजून तरी तशी वेळ आलेली नाही.

आबांनी मात्र त्यानंतर एक गोष्ट करायला घेतली, जी मला अपेक्षित नव्हती. ते भावकीत घरोघर जाऊ लागले. चहा घ्यायचे, पोराबाळांची चौकशी करायचे, आणि मग सांगायचे, "आमच्या थोरल्याला साप चावला नव्हता. काळजाचं दुखनं व्हतं. रक्तातलं हाय. तुमची पोरं तपासून घ्या." लोकांना ते आवडत नव्हतं. ज्यांच्या घरी लग्नाची बोलणी चालली होती, त्यांना तर मुळीच नाही. "आबा, शुभ बोला," म्हणायचे. काहींनी पोरांना तपासून घेतलं, बहुतेकांनी नाही.

त्यांच्या एका पुतण्याचा मुलगा पोलीस भरतीसाठी रोज पळायचा. आबा त्या घरी पुन्हा पुन्हा गेले. शेवटी त्या पोरानेच जाऊन तपासणी करून घेतली, आणि त्याच्यातही निघालं. भरती गेली. पुतण्या आमच्या दारात येऊन आबांना म्हणाला, "तुमच्या घरातलं तुमच्या घरात ठेवायचं होतं. पोरगं सुखात होतं." आबा खुर्चीत बसून ऐकत होते. पुतण्या गेल्यावर मला म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. पर जित्तं हाय पोरगं. रागवाय बाप तरी हाय, ज्याच्यावर रागवायचं ते पोरगंबी हाय."

पुतण्याने बोलणं टाकलं. दोन वर्षांनी एका दुपारी आबा जेवून पडले ते उठले नाहीत, तेव्हाही तो आला नाही. त्याचा मुलगा आला. तो एका बाजूने खांदा द्यायला वाकल्यावर माझ्या मुलाने त्याला मागे ओढलं आणि म्हणाला, "आपण नको. आपण नुसतं बरोबर चालू." ती दोघं तरणीताठी पोरं रिकाम्या खांद्याने चालत होती आणि सत्तरीची म्हातारी माणसं तिरडी वाहत होती. काही लोकांनी त्यावरून नाकं मुरडली. ज्यांना आबांनी घरी जाऊन सांगितलं होतं, त्यांच्यातलेच होते ते.

माझा मुलगा आता कॉमर्स करतोय. बरोबरीच्या मुलांना दाढ्यामिशा आल्या, त्यातली कितीतरी त्याच्यापेक्षा उंच झाली. ह्याची वाढ नववीतच थांबली होती. खेळाच्या बातम्या तो वाचत नाही. मित्र आहेत, सिनेमाला जातो, माझ्यावर चिडतो. काळजी करण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि लगेच पुढच्या तपासणीची वेळ देतात.

गेल्या महिन्यात अशीच तपासणी करून आम्ही बाहेर पडलो. शेजारच्या टपरीवर चहा घेतला. तो कप धरून म्हणाला, "आई, माझ्या मुलांना होईल का हे?"

"होऊ शकतं. नाहीही होणार."

"निम्मी शक्यता असते. मी वाचलंय."

"मग माहीत आहे तर विचारतोस कशाला?"

"तू काय म्हणतेस ते बघायचं होतं." त्याने चहा संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला आधी कळलं असतं तर? म्हणजे माझ्या जन्माआधी?"

मी शिक्षिका आहे. मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यायची मला सवय आहे. "तरी तूच हवा होतास," असं मी म्हटलं असतं तर ते खरंही होतं. पण एक्स-रेच्या बाकावरचा, मैदानातल्या मातीतला आणि कालव्यावरचा तो माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि हे सगळं त्याने सोसलेलं असताना माझ्या हवं-नकोला काय अर्थ आहे, असं वाटलं. त्याने थोडी वाट बघितली. मग कप परत करून आला आणि म्हणाला, "चल. मला क्लास आहे."

स्कूटर आता तोच चालवतो. मी मागे बसले.